केशरबाई पारासमोरून चालली

थांबवा टाळ. मृदंगालाही जरा मांडीवर विसावू द्या, बुवा. नाम झालं, निरूपण झालं, आता गोष्ट. अन् गोष्ट म्हटली की बघा — मघापासून खांबाला टेकून डुलक्या काढणारेसुद्धा कसे सरसावून बसले!

तर मंडळी, ऐका. गोष्टीच्या आधी एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका, मनात धरून ठेवा. वैऱ्यामुळे माणसाचं नुकसान होतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण जो आपला वैरी नाही, जो आपलं भलंच चिंततो, ज्याचा आपण पोटापासून मान राखतो — त्याच्यामुळे आपलं नुकसान होतं का? आणि होत असेल, तर दोष कुणाचा? मान घेणाऱ्याचा, का मान देणाऱ्याचा?

हे मामा मान हलवायला लागले. कळलं का? नाही ना! मलाही पुष्कळ वर्षं कळलं नव्हतं. केशरबाईला कळलं. तिचीच गोष्ट सांगतो.

बालाघाटाच्या डोंगरात एक गाव आहे. नाव सांगत नाही — त्या गावचे पाहुणे इथे जेवायला आलेत, उगाच त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही! गाव खाली, आणि वर माळावर एक वस्ती. वस्तीवर सगळी कष्टाची माणसं. वस्तीवरून गावात उतरायला एकच वाट. ती वाट येते पिंपळाच्या पारापाशी, आणि पारासमोर, खडकाचं उघडं पटांगण ओलांडलं की शाळा. मतदान कुठे? शाळेत. पारावर कोण? गावातली वडीलधारी मंडळी. सकाळी चहा घेऊन बसली की दिवेलागणीलाच उठायची. हं, हसू नका, तुमच्या गावात पार नाही का?

आता त्या गावची रीत ऐका. सुनेनं पारासमोरून जायचं तर पदर पुढे ओढायचा, पायातल्या चपला काढायच्या, हातात घ्यायच्या, आणि पटांगण ओलांडलं की पुन्हा घालायच्या. का? तर समोर सासरे बसलेत, दीर बसलेत, त्यांचा मान! लेकीला ही रीत नाही बरं का. माहेरी आलेली लेक खुशाल चपला फटक-फटक वाजवत जाते. सून मात्र अनवाणी. ती पन्नाशीची असो, तिच्या घरात तिची सून आलेली असो — पारावर तिच्याहून थोर माणूस बसलंय तोवर चपला हातात!

कुणी म्हणेल, महाराज, दोन पावलांचं तर पटांगण, काय बिघडलं? अहो, निवडणूक कधी लागली होती? ऐन वैशाखात! बायका मोकळ्या कधी होतात? सकाळी शाळेचं दार उघडतं तेव्हा त्या विहिरीवर. मग चूल, मग भाकरी, मग गुरं. कामातून डोकं वर निघतं भर दुपारी. आणि दुपारी तो काळा खडक असा तापतो की वर टाकलेला पापड नुसता सुकत नाही, भाजून निघतो. संध्याकाळी जावं, तर धारा काढायच्या वेळेला शाळेचं दार बंद. मग काय व्हायचं? बायका म्हणायच्या, ‘जाऊ दे बाई, एका मतानं काय होतंय!’ आणि पारावरची मंडळी म्हणायची, ‘बायकांना मेलं मतदानाचं काही पडलेलंच नसतं!’

आहे की नाही गंमत? वाट आपणच बंद करायची, आणि कुणी आलं नाही म्हणून नावंही आपणच ठेवायची!

बरं, एक दुसरी वाट होती. जीप! सरपंच त्र्यंबकरावांची. मतदानाच्या दिवशी ती वस्तीवर यायची, बायकांना भरायची आणि थेट शाळेच्या फाटकाला लावायची. खडक नाही, चटका नाही, चपला पायातच. जीपवर सरपंचाचा पुतण्या बबन. तो वाटेत फक्त एवढंच म्हणायचा, “काकू, बटन कोणतं ते ध्यानात हाय न्हवं?” धमकी नाही, दमदाटी नाही. नुसतं गोड हसून विचारायचा.

केशरबाई एकदा त्या जीपमध्ये बसली होती. आत गेली, यंत्रासमोर उभी राहिली. समोर नुसता पुठ्ठ्याचा आडोसा, बघणारं कुणी नाही. तरी तिचा हात सरपंचाच्याच चिन्हाकडे गेला. का? तर ज्याच्या गाडीत बसलो त्याला फसवायचं कसं! मंडळी, गरिबाच्या प्रामाणिकपणावर जितक्या लोकांनी आपली शेती पिकवली, तितकी पावसावरसुद्धा पिकवली नसेल. बाहेर आल्यावर केशरबाईला वाटलं, मत मी दिलं का जीपनं दिलं? त्यानंतर ती पुन्हा गेलीच नाही.

आता म्हणाल, मग ह्या खेपेला असं काय झालं?

सांगतो. वस्तीला पाणी नव्हतं. खाली ओढ्याच्या काठाला एक जुनी विहीर, तिच्या पायऱ्या खचलेल्या. दर निवडणुकीला सरपंच हात जोडून सांगायचे, ‘माळावर नळ आणतो.’ निवडणूक झाली की नळ कुठला अन् माळ कुठला! त्या वर्षी माघात केशरबाईची सून शेवंता पाण्याला गेली. डोक्यावर हंडा, कमरेला कळशी. पायरीचा दगड निसटला आणि पोर हंड्यासकट खाली आली. पाय मोडला. हाड जुळलं, पण पाय आखूड पडला. विशीतली पोर, चालताना एका अंगाला झुकायला लागली. रात्रंदिवस राबणारी केशरबाई, पण त्या दिवशी ती विहिरीच्या काठावर बसून ओरडून रडली. मग डोळे पुसले आणि म्हणाली, “बास. आता पुरं झालं.”

त्याच निवडणुकीला वस्तीवरची विमल उभी राहिली. शिवणकाम करणारी, तोंडाची फटकळ. तिचं म्हणणं एकच — आधी पाणी, मग बाकीचं. विमलकडे जीप नव्हती. तिच्याकडे होती एक सायकल, तीही पंक्चर!

विहिरीवर बायकांचा विचार सुरू झाला. जायचं तर खरं, पण दुपारी त्या खडकावरून कसं? ठकूबाई म्हणाली, “पळसाची पानं बांधू पायाला!” दुसरी म्हणाली, “पायमोजे घालू गं! पायमोजे म्हंजी काय चपला न्हाईत!” अहो, वैशाखात लुगडं आणि खाली पायमोजे — डोळ्यांपुढे आणा जरा! हसून हसून बायकांच्या घागरी कलंडल्या. मग शेवंता हळूच म्हणाली, “त्यापरीस अण्णांनाच सांगा की कुणीतरी. म्हणावं, एक दिस दुपारचं पारावर बसू नका.”

हसणं थांबलं. सांगणार कोण? सुना थोर सासऱ्यांशी बोलत नाहीत!

हे अण्णा म्हणजे कोण, ते ऐका. केशरबाईचे चुलत सासरे. पारावरचं सगळ्यात वडील माणूस. पांढरा फेटा, हातात काठी, आवाज असा की बैल जागच्या जागी थांबावा. आणि केशरबाईच्या मानेवर त्यांच्या उपकाराचं ओझं होतं. ती ऐन तारुण्यात विधवा झाली तेव्हा भावकी तिचा बांध कोरत आली होती. त्या वेळी हे अण्णा काठी घेऊन एकटे बांधावर उभे राहिले. म्हणाले, “ही माझ्या दगडूची बायको हाय. हिच्या मातीला हात लावंल त्याला आधी मला आडवं करावं लागंल.” भावकी परत फिरली. केशरबाईचं रान राहिलं, घर राहिलं, लेकरू वाढलं. अशा माणसापुढून चपला घालून जायचं? तिच्या जिवाला ते विषासारखं वाटत होतं.

बघा, मंडळी, पेच कसा आहे. समोर दुष्ट माणूस असता तर सोपं होतं, दोन शिव्या हासडून निघून जाता आलं असतं. पण समोर देवमाणूस! आता काय करायचं?

मतदानाचा दिवस उजाडला. दुपार झाली. वस्तीवर जीप आली. बबन म्हणाला, “केशरकाकू, बसा. जागा ठेवलीय तुमच्यासाठी.”

केशरबाई म्हणाली, “न्हाई बाबा. मी चालत येते.”

“काकू, पाय भाजतील!”

“माझे पाय हाईत. भाजू दे.”

जीपमध्ये बऱ्याच जणी बसल्या. नावं ठेवू नका त्यांना! चटका काय असतो ते ज्याच्या तळपायाला माहीत, त्यालाच माहीत. केशरबाईबरोबर निघाल्या शेवंता आणि ठकूबाई. मागून आणखी काही जणी — पण त्या अंतर ठेवून. आपलं बघू या, पुढे काय होतंय ते! जगात अंतर ठेवून चालणारेच जास्त असतात, नाही का?

उतार संपला. पिंपळ दिसला. पारावर अण्णा बसलेले, शेजारी तात्या, आणखी चौघे-पाचजण. केशरबाईनं पदर पुढे ओढला. आणि सवय बघा मंडळी, सवय! मनात ठरवलेलं एक, पण हात आपोआप खाली गेला, चपला निघाल्या, हातात आल्या. पहिलं पाऊल खडकावर पडलं आणि मस्तकापर्यंत झिणझिण्या गेल्या. दुसरं पाऊल. तिसरं. मागून आवाज आला — “आई गं!”

शेवंता! लंगडा पाय तो, झटकन उचलता येईना. खडकावर टेकला की टेकलेलाच राहायचा. पोर दातावर दात दाबून उभी, डोळ्यांत पाणी.

केशरबाई थांबली. भर पटांगणात, पाराच्या अगदी समोर थांबली! हातातल्या चपला तिनं खाली टाकल्या आणि पायात घातल्या. मग मागे वळली. सुनेच्या हातातल्या चपला काढून घेतल्या, वाकली, आणि सासूनं सुनेच्या पायात चपला घातल्या! सासूनं! माता-भगिनींनो, पाहिलंय का कधी असं? बघा, सगळ्या सुना आपापल्या सासवांकडे बघायला लागल्या!

“चल,” केशरबाई म्हणाली.

तात्या उसळले, “ए सूनबाई! पायात काय हाय? पारावर कोण बसलंय, दिसत न्हाई का?”

केशरबाईनं आयुष्यात पारावरच्या माणसाला उत्तर दिलं नव्हतं. पण त्या दिवशी तिनं पदर थोडा मागे घेतला, अण्णांकडे तोंड केलं आणि म्हणाली —

“अण्णा, पायात चपला हाईत. मनात तुम्ही हाईत. चपला काढल्या म्हणून मान वाढायचा न्हाई, अन् घातल्या म्हणून कमी व्हायचा न्हाई. माझ्या सुनंचा पाय पाण्यापायी गेलाय. मी मत द्यायला चाललेय.”

अण्णा काठीवर हनुवटी टेकून बघत राहिले. मग हळूच विचारलं, “केशर, आजवर का न्हाई आलीस गं?”

“तुमच्यामुळं, अण्णा.”

“माझ्यामुळं?” म्हातारा ताडकन उभा राहिला. “अगं, मी तर तुमच्यासाठीच बसतो इथं! गावात एकदा राडा झाला व्हता मतदानाला. तवापासून दर खेपेला सकाळपासून बसतो, की आपल्या लेकीसुनांना कुणी वाटंत आडवू नये, कुणी दमदाटी करू नये. ऊन असो, वारा असो, जागचा हलत न्हाई. आन् बघतो तर जीपबिगर एक सून येत न्हाई! मला वाटायचं, ह्यांना हौसच न्हाई.”

ऐकलंत? ऐकलंत ना, मंडळी? तो म्हातारा बायकांच्या रक्षणासाठी बसलेला! आणि तो बसलाय म्हणूनच बायका येत नव्हत्या! तो त्यांच्यासाठी पारावर बसला, त्या त्याच्यासाठी घरात बसल्या. दोघांच्याही मनात चांगलंच होतं. आणि मधल्या मध्ये फावलं कुणाचं? जीपचं!

अण्णांनी काय करावं? त्यांनी आपले जोडे काढले आणि पारावरून खाली उतरले, त्या खडकावर. एक पाऊल टाकलं मात्र — बैलाला थांबवणारा माणूस, पण असा नाचला म्हणता, फेट्याचा शेव सुटला! तात्यांनी हात देऊन वर ओढून घेतलं. अण्णा तळपाय चोळत बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते काही नुसत्या चटक्याचं नव्हतं.

तात्या तरी कुरकुरलेच, “पन अण्णा, मग गावाची रीत राहिली कुठं?”

अण्णा म्हणाले, “तात्या, ही रीत आपण सावलीत बसून पाळली, ह्यांनी उन्हात चालून. बसून रीत पाळायला काय जातंय?”

केशरबाई तिथे घोळत उभी राहिली नाही. काम राहिलं होतं तिचं! ती शाळेत गेली. बोटाला शाई लागली. आडोशाआड उभी राहिली आणि ह्या खेपेला तिचा हात तिच्या मनानं गेला. कुणाच्या चिन्हाकडे गेला ते मी सांगणार नाही. ते तिचं तिला ठाऊक. ज्याचं मत त्याच्याच पोटात राहावं.

ती बाहेर आली, तर अण्णा तिची वाटच बघत होते. एवढा मोठा माणूस, आणि लहान पोरासारखं तोंड करून विचारतो, “मग आता मी कुठं बसू, केशर? घरी जाऊ का?”

केशरबाई म्हणाली, “घरी कशाला? बसा की इथंच. तुम्ही बसलात तर आम्हाला धीरच हाय. फकस्त आम्ही दिसलो की तोंडानं एकदा ‘ये’ म्हणा. तुम्ही कधी बोलला न्हाईत, अन् आम्ही कधी विचारलं न्हाई.”

“एवढंच?”

“एवढंच.”

वाटेच्या वळणावर त्या अंतर ठेवून आलेल्या बायका अजून घुटमळत होत्या. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं. खाकरून घसा साफ केला. आणि सुनांना उभ्या जन्मात हाक न मारलेला तो माणूस, गावभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला —

“या गं लेकींनो! या! चपला घालून या!”

लेकींनो म्हणाला, मंडळी! सुनांना लेकी म्हणाला! आणि लेकीला चपलांची रीत नाहीच! बायका आल्या. पदर सावरत, लाजत, एकमेकींना ढकलत आल्या. तेवढ्यात जीप दुसरी खेप घेऊन धूळ उडवत आली. अण्णांचा आवाज आतल्या बायकांनीही ऐकला होता. ठकूबाईच्या जावेनं बबनच्या खांद्यावर थाप मारली, “थांबीव रं गाडी. उतरायचंय.” बबन म्हणाला, “काकू, शाळा अजून पुढं हाय.” ती म्हणाली, “ठावं हाय. पाय हाईत मला.” एकेक करून सगळ्या उतरल्या. जीप शाळेच्या फाटकाशी गेली खरी, पण रिकामी.

आता तुम्ही विचारणार, विमल निवडून आली का? बघा, निकालाशिवाय तुम्हाला चैन पडायचं नाही! तर सांगतो — विमल पडली. हो, पडली. थोडक्यात पडली. अरेरे करू नका, गोष्ट संपली नाही. पुढच्याच महिन्यात त्र्यंबकराव वस्तीवर आले. जीपमध्ये? छे! चालत! धापा टाकत, घाम पुसत माळ चढून आले. ज्या मतांना आपण खिशातली समजत होतो ती खिशातून उतरून स्वतःच्या पायानं चालायला लागलीत, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणाले, “केशरकाकू, नळाचं काय करायचं ते सांगा.”

केशरबाई म्हणाली, “मला एकटीला काय विचारता? सगळ्या इथंच हाईत. सगळ्यांना विचारा. आन् खाली विहिरीवर चला, ती पायरी बघा आधी.” आणि शेवंताचा हात धरून तिनं सरपंचांना ती खचलेली पायरी उतरायला लावली. नळ आला का? आला. रोज येतो का? एक दिवसाआड! अहो, मी खोटं कशाला बोलू, देवाच्या दारात उभा आहे. पण शेवंता आता विहीर उतरत नाही.

तर मंडळी, मघाचा प्रश्न. मान राखण्यापायी नुकसान झालं, तर दोष कुणाचा? मान देणाराही चांगला, मान घेणाराही चांगला. दोष त्या न बोललेल्या शब्दाचा. इतकी वर्षं एकानं ‘ये’ म्हटलं नाही आणि दुसरीनं ‘येऊ का’ विचारलं नाही. देवानं जीभ दिलीय ती काय फक्त प्रसादाला?

परवा तुमच्या गावात मतदान आहे. मत कुणाला द्या, हे सांगायला मी उभा नाही, आणि जो सांगेल त्याच्या गाडीत बसू नका. पण पुरुष मंडळी, तुम्हाला एक सांगतो. तुम्ही म्हणाल, ‘महाराज, आम्ही कुठं अडवतो? आम्ही तर कधी नको म्हणालो नाही!’ अहो, अण्णा तरी कुठे नको म्हणाले होते? आज घरी जा. हातपाय धुऊन ताटावर बसण्याआधी बायकोला विचारा, सुनेला विचारा, म्हाताऱ्या आईला विचारा — ‘तू गेल्या खेपेला मत द्यायला का आली नाहीस? माझ्यामुळं तर थांबली नाहीस ना?’

आणि विचारल्यावर गप्प राहा. ती लगेच बोलणार नाही. तुम्ही गप्पच राहा, तिला बोलू द्या.

चला, आता देवाचं नाव घेऊ. पण आज आधी बायकांनी सुरू करायचं, मोठ्यानं. आम्ही मागून म्हणू. घ्या, माउली, घ्या — कुणाकडे बघताय? कुणी अडवलेलं नाही!